अरबी शिकताय का कोणी? (संध्याकाळचा वर्ग, पाटी कोरी)

सोनटक्का:

राहते शारजात, नोकरी दुबईत, हिशेबखात्यात. इतकी वर्षं इथे काढली, पण अरबीवाचून माझं कधी काही अडलं नाही. किराणावाला मल्याळी, टॅक्सीवाला पेशावरचा, बँकेतली मुलगी फिलिपिनो, ऑफिसात निम्मा मजला आपलाच. 'यल्ला', 'खलास' आणि 'इन्शाल्ला' एवढ्या भांडवलावर माणसं इथे जन्मभर नोकरी करून गावाकडे दुमजली घर बांधतात. तरी गेल्या सप्टेंबरात ऑफिसजवळच्या एका संस्थेत अरबीच्या वर्गाला नाव घातलं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सात ते नऊ.

कारण सांगते. इथलं नोकरीचं कंत्राट दोन रकान्यांत छापलेलं असतं, एकात इंग्रजी, दुसऱ्यात अरबी, आणि दोन्हींत फरक निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणजे वाचायचा एक रकाना आणि बांधील राहायचं दुसऱ्याला. कोर्टाचं कामकाजही अरबीतच. (डीआयएफसी या दुबईतल्या वित्तीय केंद्राची कोर्टं इंग्रजीत चालतात हे माहीत आहे, ते सांगायला कोणी धावून येऊ नका.) आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासायचे आणि स्वतःचाच कागद वाचता येऊ नये, हे मला खटकत होतं.

वर्गात दोन फिलिपिनो नर्स, एक रशियन इस्टेट एजंट बाई, केरळचा एक इंजिनियर, लाहोरचे एक काका, आणखी दोनचार जण आणि मी. शिकवणाऱ्या बाई जॉर्डनच्या. त्यांना 'उस्ताज़ा' म्हणायचं. इंग्रजी फर्डं बोलतात, पण पहिल्या पंधरवड्यानंतर वर्गात इंग्रजी त्यांना खपत नाही.

सुरुवातीचे कित्येक तास नुसती अक्षरं. २८ अक्षरं म्हटल्यावर मी मनात म्हटलं, बाराखडी पाठ केलेल्या माणसाला हे काय अवघड? पण प्रत्येक अक्षराचं रूप शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि सुटं असताना बदलतं. बा, ता, था, नून आणि या ही पाच अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला हुबेहूब एकच असतात, रेघेवर आलेला एक बारीकसा दात. ओळखायचं ते नुक्त्यांवरून. खाली एक तो बा, वर एक तो नून, वर दोन तो ता, खाली दोन ती या, वर तीन तो था. घाईत लिहिलेल्या अरबीत तर दोन नुक्त्यांची एक आडवी रेघ होते आणि तिनांचं एक टोपण. वर अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. शब्दाच्या पोटातच फट पडते आणि नवशिक्याला वाटतं, संपला शब्द.

उच्चारांचं तर विचारूच नका. 'ह' दोन प्रकारचे. एक आपला नेहमीचा, दुसरा घशातून घासत येणारा. तो शिकवताना उस्ताज़ांनी चष्मा काढला, पुसण्याआधी काचेवर वाफ सोडतो तशी सोडली आणि म्हणाल्या, हाच तो आवाज, आता घरी जाऊन आरशावर करा. सगळ्या वर्गाने तिथल्या तिथे मोबाइलच्या काचा ओल्या केल्या. 'ऐन' मात्र अजून कोणालाच धड जमलेला नाही. लाहोरचे काका त्याचा सरळ 'अ' करतात, कारण उर्दूत तेवढ्यावर भागतं. त्यावर उस्ताज़ा दर वेळी मार्कर खाली ठेवून त्यांच्याकडे नुसतं बघतात.

आता प्रश्न. वर्गात शिकवतात ती फुस्हा, म्हणजे पुस्तकांची, बातम्यांची, सरकारी कागदांची अरबी. घरात आणि बाजारात बोलतात ती खलीजी, म्हणजे आखाती बोली. मैत्रीण म्हणते, फुस्हा सोड, बोलीचा वर्ग धर. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. आणि घरी सराव कसा करता तेही.


आबा कुवेतकर:

ताई, राग मानू नका, पण उगाच पैसे घालवताय. मी ८२ ते ९० कुवेतला होतो. सद्दाम घुसला तेव्हा सगळं तिथेच टाकून बसने अम्मानपर्यंत आणि तिथून एअर इंडियाने मुंबई. तोपर्यंत फर्वानियाच्या बाजारात फाड फाड अरबी बोलत होतो. 'कम हाज़ा' (हे कितीला), 'वाजिद गाली' (फार महाग), 'माफी मुश्किल' (काही अडचण नाही), 'बुकरा इजी' (उद्या ये). एका पुस्तकाला हात लावला नाही. तुमची ती फुस्हा खुद्द अरबसुद्धा घरी बोलत नाहीत. कुवेती पोराला आईने फुस्हात जेवायला बोलावलं तर ते पोर घाबरून पळून जाईल.


टिंगू:

आबा +१

जेवायला बोलावण्याचं वाचून फुटलो.


सोनटक्का:

आबा, राग कसला. पण तुम्ही लिहिलेली अरबी कोणाची ते सांगते. आमच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारे गृहस्थ, इमिराती आहेत. ते माझ्याशी कायम 'इन्ती रूह, जीब वरगा' (तू जा, आण कागद) असंच बोलायचे. स्वतःच्या बायकोमुलांशी ते असं बोलत नाहीत. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी ही अरबी बाजूला काढून ठेवलेली आहे. क्रियापदाला ना काळ ना लिंग, आणि नकार द्यायचा तर प्रत्येक ठिकाणी 'माफी'. भाषाशास्त्रज्ञ तिला गल्फ पिजिन, म्हणजे आखातातली कामचलाऊ बोली, म्हणतात आणि तिच्यावर रीतसर अभ्यास झालेला आहे.

जानेवारीत एकदा मी धीर करून त्यांना विचारलं, 'अय्या वरकतिन तुरीद?' म्हणजे कोणता कागद हवाय. ते आधी खो खो हसले, म्हणाले, तू तर बातम्या देतेयस. पण पुढचं सगळं त्यांनी मला पूर्ण वाक्यांत, सावकाश, शेजारी खुर्ची ओढून सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. तरी तेव्हापासून 'इन्ती रूह' बंद झालं ते झालंच.


दुभाषा:

पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात परदेशी रुग्णांच्या विभागात काम करतो. येमेन, इराक, सुदान, ओमान इथून उपचारांना माणसं येतात, आणि मी त्यांच्यात आणि डॉक्टरांत मध्ये उभा असतो. फुस्हा की बोली हा वाद माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'काय हवंय तुम्हाला?' एवढंच घ्या. फुस्हात 'माज़ा तुरीद'. इराकी म्हणणार 'शतरीद'. खाडीतला, म्हणजे आखाती, 'शतबी'. सीरिया-लेबनॉनकडचा 'शू बिद्दक'. इजिप्तचा 'आयिज़ एह'. सुदानी 'दायिर शनू'. सनाचा येमेनी 'एश तिश्ती'. ही सगळी एकाच भाषेची माणसं, आणि एका वॉर्डात शेजारी शेजारी झोपलेली असतात. आता सांगा, वर्गात यातली कोणती शिकवणार?

मी आधी बोलीच शिकलो. पुण्यात अरब विद्यार्थी पुष्कळ, त्यातल्या एका येमेनी मुलाने मला शिकवलं आणि मी त्याला मराठी. सहा महिन्यांत येमेनी पेशंटशी गप्पा मारायला लागलो. मग बगदादच्या एक आजी आल्या. माझी येमेनी त्यांना कळेना, त्यांची इराकी मला. शेवटी त्यांच्या नातवाने फुस्हात बोलायला सुरुवात केली, शाळेत शिकलेली असल्यामुळे. मला ती येत नव्हती, म्हणून मी बाजूला आणि गूगल मध्ये. त्यानंतर मुकाट्याने फुस्हाचा संध्याकाळचा वर्ग लावला.

माझं मत असं. फुस्हा बोलताना पुस्तकी वाटते हे खरं. पण रिपोर्ट, संमतीपत्र, औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचना, वकिलातीचं पत्र, सगळं तीतच असतं. शिकलेल्या कुठल्याही अरबाला ती कळते. आणि एकदा ती पायाशी असली की नवीन बोली पकडायला वेळ लागत नाही, कारण बोलींमध्ये काय गळतं आणि काय बदलतं ते ओळखू यायला लागतं. खाडीत 'काफ'चा 'ग' होतो म्हणून कहवा झाला गहवा. इजिप्तमध्ये 'जीम'चा 'ग' होतो म्हणून जमाल झाला गमाल. काही खाडीवाले 'जीम'चा 'य' करतात, फुस्हातली कोंबडी 'दजाज', त्यांची 'दियाय'. हे एकदा कानात बसलं की पुढे नुसतं ऐकत राहायचं.

उलट्या वाटेने, म्हणजे बोलीकडून फुस्हाकडे, जाता येतं. पण दमछाक होते. अर्थात कोणाला इजिप्शियन सिनेमेच बघायचे असतील किंवा लेबनीज घरात लग्न करून जायचं असेल, तर त्यांनी बेलाशक बोली धरावी. सगळ्यांना एकच औषध नाही.


आबा कुवेतकर:

दुभाषा, तुमचं म्हणणं पटलं. पण बगदादच्या आजींशी मी बोललो असतो हां. इराकातल्या बसऱ्याचं आणि कुवेतचं बरंच जमतं.


रत्नांग्रीचा:

माझी गोष्ट जरा वेगळी. आमच्याकडे लहानपणी प्रत्येक मुलाला मौलवीसाहेबांकडे कुराण वाचायला बसवतात. पाचवीत जाईपर्यंत माझं एकदा पूर्ण वाचून झालं होतं. वाचून म्हणजे मोठ्याने, सुरात, तजवीदच्या, म्हणजे कुराण म्हणताना पाळायच्या उच्चारांच्या नियमांनी. अर्थ एकाही ओळीचा माहीत नाही. घरी बोलायची आमची कोकणी, शाळा मराठी, अरबी फक्त ओठांवर.

मस्कतला नोकरीला आल्यावर ऑफिसने संध्याकाळचा वर्ग ठेवला, तेव्हा मला वाटलं मी सगळ्यांच्या पुढे असणार. उच्चारात होतोच. साद आणि सीन, ता आणि जाड ता, दाल आणि दाद, हे सगळं लहानपणी छडी खाऊन बसलेलं. पण शिक्षकांनी वर्तमानपत्र पुढे ठेवलं आणि माझी बोबडी वळली. कुराणात अक्षरांवर फतहा, कसरा, दम्मा या स्वरांच्या खुणा छापलेल्या असतात. वर्तमानपत्रात त्यातलं काही नसतं. व्यंजनं फक्त समोर, स्वर तुमचे तुम्ही घाला. ते घालायला शब्द माहीत असावा लागतो, व्याकरण माहीत असावं लागतं. म्हणजे वाचायला येण्यासाठी आधी अर्थ यायला हवा! माझ्या शेजारी बसलेला तमिळ मुलगा, ज्याला तीन महिन्यांपूर्वी अलिफसुद्धा माहीत नव्हता, तो माझ्याआधी बातम्यांचे मथळे वाचायला लागला.

पुस्तकाचं कोणी विचारलं तर, मदिना विद्यापीठात परदेशी मुलांना शिकवण्यासाठी व्ही. अब्दुर रहीम यांनी तयार केलेली पुस्तकं आमच्याकडे वापरतात. मूळ तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे गृहस्थ, मातृभाषा अरबी नाही. त्यामुळे परक्या माणसाचं घोडं कुठे अडतं ते त्यांना बरोबर ठाऊक. एका धड्यात एकच गोष्ट, आणि ती वाक्यांतून. अरबीतला वर्तमानकाळ 'आहे'शिवाय चालतो हे पहिल्याच धड्यात कळतं. 'हाज़ा बैतुन', हे घर. संपलं वाक्य.


सडेतोड:

मराठीची इथे बोंब आणि आपण अरबी शिकतोय. वा. उद्या काय, नावंही बदलणार?


सोनटक्का:

सडेतोड, आमच्या उस्ताज़ा ख्रिश्चन आहेत, त्यांच्या घरी बायबल अरबीत वाचतात आणि डिसेंबरात वर्गात केक अरबीतच कापला. नाव अजून सोनटक्काच आहे. पुढे.


शिलेदार:

एक भाबडा प्रश्न. शिवकालीन कागदपत्रं मुळातून वाचायची हौस आहे. ठाण्यात अरबीचा ऑनलाइन संध्याकाळचा वर्ग मिळतोय. त्याचा उपयोग होईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


मोडीवेडा:

शिलेदार, त्यासाठी अरबी नको, फारसी शिका. आदिलशाही, निजामशाही, मुघल, सगळ्यांच्या दफ्तराची भाषा फारसी. लिपी अरबीवरून घेतलेली असली तरी व्याकरणाचा अरबीशी संबंध नाही. फारसीत तर नामाला लिंगही नाही, अरबीतून तिकडे गेलेल्याला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. आणि त्याआधी मोडी. मराठ्यांचे स्वतःचे कागद मोडीतच आहेत.

पण अरबीचा एक तुकडा मोडी वाचणाऱ्याला रोज भेटतो, आणि तो बहुतेकांनी समजून न घेता पाठ केलेला असतो. तो म्हणजे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काहीतरी येतं. आम्ही तक्ता समोर ठेवून साल काढायचो. अरबी शिकणाऱ्या एका मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, अरे ही तर सरळ संख्या आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. ११६१. त्यात ५९९ मिळवा, १७६०. शुहूर वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून ते १७६०च्या जून-सुमारापासून १७६१च्या तशाच सुमारापर्यंत चालतं. पानिपतचं वर्ष.

गंमत पुढे आहे. इसवी १८००च्या आसपास शुहूर सन बाराशेत शिरतो, आणि कारकून 'मया' सोडून 'मयातैन' लिहायला लागतात. तेही अरबी व्याकरणाला धरून. अरबीत दोन वस्तूंना वेगळं द्विवचन असतं, आणि मयातैन म्हणजे दोन शंभर. पुण्याच्या फडातला, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतला, कोणी ब्राह्मण कारकून अरबीच्या वर्गाला बसला नसेल, पण द्विवचन बिनचूक लिहीत होता. सन एकदम घोटलेला असणार.


शिलेदार:

बाप रे, रोचक! म्हणजे तक्ता न बघता साल काढता येईल. वाचनखूण साठवली.


खडू:

शाळेत संस्कृत शिकवते आणि दोन वर्षांपासून हौस म्हणून अरबी. मोडीवेडा यांनी द्विवचनाचा विषय काढलाच आहे, म्हणून लिहिते. आपल्यापैकी ज्यांनी दहावीला मार्कांसाठी 'रामौ रामाभ्याम्' रटलंय, त्यांना अरबीचं व्याकरण बाकीच्या वर्गाइतकं अंगावर येत नाही. विभक्त्या तीन, आपल्या आठ. द्विवचन ओळखीचं. नामाच्या शेवटच्या स्वरावरून कर्ता की कर्म ते ठरणं ओळखीचं. माझ्या वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली 'शेवट बदलतो' एवढ्या कल्पनेनेच हादरल्या होत्या.

आकड्यांचंही तसंच. अरबीत पंचवीसला 'खम्सतुन व इश्रून' म्हणतात, पाच आणि वीस. इंग्रजी डोक्याच्या माणसाला हे उलटं वाटतं, आपल्याला नाही, कारण आपणही पाच आधी घेऊनच पंचवीस म्हणतो. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल.

पण ३ ते १० हे आकडे मात्र रडवतात. नाम पुल्लिंगी असेल तर आकडा स्त्रीलिंगी रूपात, नाम स्त्रीलिंगी असेल तर आकडा पुल्लिंगी रूपात. तीन मुलगे 'थलाथतु औलादिन', तीन मुली 'थलाथु बनातिन'. दहापर्यंत मोजायचं नाम अनेकवचनात. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत ते परत एकवचनात, तेही कर्माच्या विभक्तीत. याचं कारण मला विचारू नका. बोलींनी यातला बराचसा भाग कधीच टाकून दिलाय, आणि या एका बाबतीत माझी सहानुभूती बोलींना आहे.


टिंगू:

खडू ताई, हे वाचून माझा विचार बदलला. मी जपानी शिकतो.


सोनटक्का:

खडू, आकड्यांवरून आठवलं. इथे ५० फिल्सचं सात कोनांचं नाणं असतं. त्यावरचा पाच आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठी डोळ्याला ते शून्य आणि टिंब दिसतं. सात इंग्रजी व्हीसारखा, आठ उलट्या व्हीसारखा. अरब त्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात, आपण इंग्रजीतून १-२-३ला 'अरबी आकडे' म्हणतो. आणि हो, शब्द उजवीकडून डावीकडे, पण आकडा डावीकडून उजवीकडे. तक्ता टाइप करताना कर्सर अशा उड्या मारतो की विचारता सोय नाही.

अनेकवचनाचाही एक कहर आहे. कलमचं अक्लाम, बैतचं बुयूत, बाबचं अब्वाब. शब्दाच्या आतलेच स्वर हलतात, शेवटी प्रत्यय लावून सुटका नाही. प्रत्येक शब्द अनेकवचनासकट पाठ. आणि माणसं सोडून बाकी सगळ्यांचं अनेकवचन व्याकरणात एकवचनी स्त्रीलिंगी! 'दारं बंद होताहेत' म्हणायचं तर दारं अनेक, क्रियापद मात्र 'ती बंद होतेय'. हे कळल्यावर मेट्रोतली दाराची सूचना मी पहिल्यांदा कान देऊन ऐकली.


निवांत:

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. त्यांनी अरबीला सगळ्यात अवघड गटात टाकलंय, चिनी-जपानी-कोरियनबरोबर. कामापुरतं प्रभुत्व यायला सुमारे २२०० तास. सोनटक्का आठवड्याला चार तास बसतात. २२०० भागिले ४, साडेपाचशे आठवडे. साडेदहा वर्षं. सुट्ट्या वेगळ्या. (हलके घ्या.)


दुभाषा:

निवांत, तो हिशेब इंग्रजी मातृभाषेच्या माणसाचा आणि राजनैतिक कामाच्या पातळीचा. कंत्राटाचा रकाना वाचायला एवढं लागत नाही. त्यातले दोनेकशे शब्द पुन्हा पुन्हा येतात.

पण तास महत्त्वाचे आहेत हे खरंच. वर्गात चार तास बसून आठवडाभर वही उघडली नाही, तर पुढच्या मंगळवारी पाटी परत कोरी. मी रोज सकाळी हॉस्पिटलच्या बसमध्ये अर्धा तास काढतो. स्पेसटून या वाहिनीवर जपानी कार्टून फुस्हात भाषांतर करून दाखवतात, उच्चार स्वच्छ आणि वाक्यं छोटी. त्यांचे तुकडे यूट्यूबवर सापडतात. बातम्या फार पुढची गोष्ट. लहान मुलांसाठी अबू धाबीहून १९७९पासून निघणारं 'माजिद' नावाचं मासिक आहे, तेही चांगलं.


रत्नांग्रीचा:

कोशाबद्दल कोणी लिहिलं नाही. अरबी शब्दकोश बरेचदा मूळ धातूप्रमाणे लावलेला असतो. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून निघतात. सोनटक्कांच्या खात्याचंच उदाहरण घ्या. मोठा हा, सीन, बा. हिसाब म्हणजे हिशेब, मुहासिब म्हणजे हिशेबनीस, मुहासबा म्हणजे हिशेबाची विद्या, हासूब म्हणजे संगणक. चारही शब्द कोशात एकाच मुळाखाली. 'मुहासिब' शोधायला 'म'चं पान उघडलंत तर तिथे काही नाही. आधी सुरुवातीचा 'मु' काढायचा, मधला दीर्घ 'आ' काढायचा, उरलेली तीन व्यंजनं शोधायची.

सुरुवातीला वैताग येतो. पण हे जमलं की न शिकलेल्या शब्दाचाही अंदाज बांधता येतो. माझ्या मते संध्याकाळच्या वर्गात पहिल्या वर्षी मिळवायची गोष्ट ती हीच. बाकी शब्द काय, मोबाइलमध्ये आहेत.


मोडीवेडा:

अवांतर: 'च' नसलेल्या भाषेत चौल कसं लिहायचं? दहाव्या शतकात अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी चौलला येऊन गेला. त्याच्या लिखाणात त्या बंदराचं नाव 'सैमूर' आहे. त्या काळी अरब व्यापारी तिथे कुटुंबकबिल्यासह वसलेले होते, हेही तो लिहितो. सडेतोड यांनी वाचलं तर बरं.


शिलेदार:

मी फारसीचं बघतोच, पण बायकोला अरबीचा तोच ठाण्याचा वर्ग लावायचाय, ती नर्स आहे आणि रियाधला अर्ज करतेय. वर्ग चांगला की नाही हे पैसे भरायच्या आधी कसं ओळखायचं?


सोनटक्का:

त्यांना एकच तास फुकट बसू द्यायला सांगा आणि फळ्याकडे बघा. शिक्षक अरबी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहीत असतील तर नको. देवनागरीतही नको, मी स्वतः या धाग्यावर लिहितेय तरी. सीन आणि साद दोन्ही आपण 'स'च लिहिणार. 'सैफ' एका स ने म्हणजे तलवार, दुसऱ्या स ने म्हणजे उन्हाळा. ही सवय वहीत एकदा बसली की हात सुटत नाही. आमच्याकडे इंग्रजी अक्षरांत टिपणं काढणारे दोघं होते, दिवाळीपर्यंत गळाले.

दुसरं, हाताने लिहून घेतात का ते विचारा. नुसतं ओळखणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. चार रेघी वही चालते, मधल्या दोन रेघांत अक्षराचं अंग बसतं आणि ऐन-जीमची पोटं खालच्या रेघेत लोंबतात. पेन बॉलपेनच बरं, जेलचं ओलं अक्षर डावखुऱ्यांच्या नाही, उजव्या हाताच्या लोकांच्या बोटाला पुसलं जातं, कारण हात मागे मागे येतो.

तिसरं, त्या नर्स आहेत आणि रियाधला जायचंय, तर दुभाषांचं ऐका. फुस्हाबरोबर सौदी बोलीतली 'कुठे दुखतंय', 'कधीपासून', 'श्वास घ्या' अशी पन्नासेक वाक्यं वेगळी मागून घ्या. चांगला शिक्षक नाही म्हणत नाही.


दुभाषा:

शिलेदार, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. माझी पेशंटांसाठीची वाक्यांची यादी आहे, पुरुषाला आणि बाईला विचारायची रूपं वेगवेगळी मांडलेली. वहिनींना द्या.


आबा कुवेतकर:

ती यादी मलाही पाठवा. नातू दोह्याला चाललाय.